गुगलवर 'एक नंबर' येण्याचे १,६६,९९० रुपये

आधी आकडा सांगतो. ज्यांना हसायचं आहे त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. एक लाख सहासष्ट हजार नऊशे नव्वद रुपये. एवढ्यात एमएच २९ पासिंगची, दोन हातांतून गेलेली पण चालती अल्टो येते. ती निदान दारात उभी तरी राहिली असती.

आमचे सेकंड हॅन्ड गाड्यांचे तीन यार्ड आहेत. आर्णीला नागपूर-तुळजापूर हायवेवर माझं, दिग्रसला धाकट्या भावाचं आणि दारव्ह्याला साळ्याचं. पाटी एकच, हिशेब वेगवेगळे, गाड्या मात्र इकडून तिकडे फिरत राहतात. चौदा वर्षं झाली या धंद्याला. मी बी.कॉम. आहे, अंगठेबहाद्दर नाही, हे मुद्दाम लिहितो. कारण ज्याला ज्याला मी फसल्याचं सांगितलं त्यानं पहिलं वाक्य हेच म्हटलं, 'तुम्ही शिकले-सवरलेले असून?'

तर शिकले-सवरलेले असून. आधी गिऱ्हाईक पानठेल्यावरून, आरटीओच्या एजंटकडून, नाहीतर लग्नात भेटलेल्या पाहुण्याच्या ओळखीनं यायचं. आता कास्तकाराचा पोरगा वावरातल्या लिंबाखाली बसूनच मोबाइलवर 'सेकंड हॅन्ड बोलेरो' टाकतो. कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की दिवाळीपासून लग्नसराईपर्यंत आमचा हंगाम असतो. त्या हंगामात गिऱ्हाईक आमच्या दारावरून यवतमाळला जाऊन राहिलं होतं, ते आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. पोटात गोळा येणार नाही तर काय होईल?

दसऱ्यानंतर आठवड्याभरात फोन आला. 'सर, गुगलच्या पार्टनर कंपनीतून बोलतोय, तुमचं बिझनेस प्रोफाइल बंद होण्याच्या यादीत आहे.' प्रोफाइल म्हणजे गुगलवर दिसणारी दुकानाची नोंद, नाव, पत्ता, फोन नंबर. दुसऱ्या दिवशी पोरगा यार्डात हजर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, तोंडात खर्रा. त्यानं माझाच मोबाइल मागितला. माझ्याच टेबलावर, माझ्याच यार्डात बसून 'सेकंड हॅन्ड कार निअर मी' टाकलं आणि म्हणाला, 'सर, तुम्ही चौथ्या नंबरवर आहात.' मग स्वतःच्या मोबाइलवर काहीतरी खटपट केली, माझ्या मोबाइलवर पुन्हा तेच टाकलं. आम्ही एक नंबरवर! 'हा फक्त डेमो आहे सर, पॅकेज घेतलं की कायमचं.'

इथंच थांबतो, कारण मला रात्री झोप लागत नाही ती याच जागी येऊन.

मी गाडी घेताना काय करतो? विकणाऱ्याला सांगून ठेवतो की मी सकाळी येईन, तोपर्यंत गाडी चालू करू नको. आल्यावर आधी बोनेटला हात लावून पाहतो. बोनेट गरम लागलं की समजायचं, यानं इंजिन आधीच चालवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना स्टार्टिंगला त्रास आहे. गरम इंजिन दाखवणाऱ्याकडून मी आजवर गाडी घेतलेली नाही. आणि हा पोरगा माझ्याच यार्डात बसून मला माझंच यार्ड एक नंबरवर दाखवत होता! जवळचं दुकान शोधलं तर गुगल जवळचंच दाखवणार ना राजेहो? गुगल स्वतः सांगतं की स्थानिक निकाल तीन गोष्टींवर ठरतात. शोधलेल्या शब्दांशी दुकान किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे आणि किती प्रसिद्ध आहे. हेही सांगतं की पैसे देऊन हा नंबर वर नेता येत नाही. जाहिरात हा वेगळा प्रकार आहे, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. यार्डात बसून 'निअर मी' टाकणं म्हणजे आपल्याच घरात उभं राहून हाक मारायची आणि आपणच 'ओ' द्यायची. आणि आधी चौथा का आला? त्यानं पहिल्यांदा 'निअर मी'च्या आधी 'यवतमाळ' टाकलं होतं. मी पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं आणि विचारलं नाही.

तेव्हाच पुसदच्या भाच्याला फोन लावून 'तिथून शोधून पाहा' म्हटलं असतं तर दीड मिनिटात विषय संपला असता. तुम्ही तेवढं करा. जो कोणी नंबर दाखवायला येईल, त्याला चहा पाजा आणि तोवर दुसऱ्या गावातल्या माणसाला तेच शब्द टाकायला सांगा.

आता पैसे. सेटअपचे एका यार्डाचे १८,५००, तिघांचे ५५,५००. वर १८ टक्के जीएसटी ९,९९०. झाले ६५,४९०, हे पहिल्याच दिवशी गेले. वेबसाइटचे २२,०००. 'रिव्ह्यू पॅक' म्हणून १२,०००. महिन्याचे एका यार्डाचे ३,५००, तिघांचे १०,५००, असे पाच महिने म्हणजे ५२,५००. हे माझ्या खात्यातून यूपीआय ऑटोपेनं, म्हणजे दर महिन्याला आपोआप, जात होते. १५ हजारांच्या आतलं ऑटोपे एकदा मंजूर केलं की दरवेळी पिन विचारत नाही. आदल्या दिवशी मेसेज येतो, पण मेसेज वाचतो कोण? तुमच्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेची यादी उघडा, आजच. शेवटचे १५,००० कशाचे ते पुढे सांगतो, ते लिहायला सगळ्यात जास्त लाज वाटते.

जीएसटीचं बिल त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्या महाराष्ट्राचे २७. बिलावरच्या क्रमांकात १४ अक्षरं होती. मी रोज १७ अक्षरांचा चेसिस नंबर बोटानं मोजून आरसीशी ताडतो, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर गाडीला हात लावत नाही. बिलावरची १४ अक्षरं मोजली नाहीत. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नाव, पत्ता, चालू की रद्द, सगळं फुकटात दिसतं.

सुरुवातीचे दोन महिने आम्ही खूश होतो, हे कबूल करतो. दर महिन्याला रंगीत रिपोर्ट यायचा. एवढ्या हजारांनी पाहिलं, एवढ्यांनी फोन केला, एवढ्यांनी रस्ता विचारला. साळा म्हणायचा, 'भाऊजी, फोन तर वाढलेले दिसत नाहीत.' मी त्यालाच झापलं, की गिऱ्हाइकाशी नीट बोलत नसशील. त्याची माफी मागितली आहे. इथंही मागतो.

मग मार्चमध्ये घाटंजीकडचा एक जण चिडून यार्डात आला. त्याला गुगलवर आमची 'घाटंजी शाखा' दिसली होती. आम्हाला तिथं शाखा नाही, कधी नव्हती. नकाशानं त्याला नेऊन उभं केलं ते तुरीच्या वावरात. 'तुम्ही लोकायले येड्यात काढून राहिले का?' म्हणाला. शोधलं तर नेर, महागाव, पुसद, उमरखेड, आमच्या नावानं अकरा शाखा! जिथं आपला माणूस बसत नाही तिथं दुकान दाखवणं गुगलच्या नियमात बसत नाही, अशी नोंद निलंबित होते. झालीही. त्यांच्यासोबत दिग्रसचं खरं यार्डही गेलं. रिव्ह्यू पॅकचे १४० रिव्ह्यू वाचले तर एकात लिहिलेलं, 'जेवण चविष्ट, स्टाफ नम्र.' मोटारगाड्यांच्या यार्डात! थोड्या दिवसांत त्यातले बहुतेक उडाले आणि जाताना आमच्या खऱ्या गिऱ्हाइकांचे नऊ-दहाही घेऊन गेले.

हे सगळं एकीकडे. खरा घाव वेगळाच होता. नेरच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं सांगितलं, 'तुमच्या नंबरवर फोन लावला, उचलणारा म्हणे, इथं गाड्या नाहीत, यवतमाळला या, तिकडे चांगला माल आहे.' प्रोफाइल उघडून पाहिलं तर तिन्ही यार्डांवर आमचा नंबर नव्हताच. 'कॉल मोजण्यासाठी लागतो' म्हणून त्यानं स्वतःचा टाकला होता आणि मी होकार दिला होता. म्हणजे आमची गाडी आम्हीच धुऊन-पुसून ठेवायची, फोटो काढायचे, ऑनलाइन टाकायचे आणि गिऱ्हाईक तो दुसऱ्याला विकायचा. त्यासाठी महिन्याला १०,५०० आम्हीच द्यायचे.

ऑटोपे बंद केलं. चार दिवसांत आर्णीच्या यार्डावर 'कायमचे बंद' अशी पाटी लागली. कारण प्रोफाइलचा मुख्य मालक तो होता, मी नुसता मॅनेजर. सुरुवातीला माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मीच त्याला वाचून दाखवला होता. मुख्य मालकी आपल्याच जीमेलवर ठेवा. कोणाला काम द्यायचंच असेल तर त्याला मॅनेजर करा, मालक नाही. वेबसाइटचा डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, तोही आपल्याच नावावर घ्या, आमचा त्याच्या नावावर आहे, अजूनही. आणि आता ते १५,०००. त्यानं म्हटलं, 'मालकी ट्रान्सफर करतो, चार्ज लागेल.' मी दिले. फसलो हे कळल्यावरही दिले. हंगामाचे शेवटचे दिवस होते, लग्नं तोंडावर होती, वाटलं पंधरा हजारांनी सुटतो. भैताडपणा दुसरं काय.

यानंतरचा भाग वाचून कोणी तक्रार करणं सोडू नका, पण तयारीनं जा. पोलीस ठाण्यात गेलो (कोणतं ते लिहीत नाही, मला तिथं अजून जायचं आहे). 'गाडी चोरीला गेली का?' 'नाही.' 'पैसे हिसकावले का कोणी?' 'नाही.' 'मंग? तुमीच देले ना?' अर्ज घेतला नाही. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, गुगल म्हणजे काय आणि तुमचं त्यात काय गेलं ते साध्या भाषेत लिहून आणा. लिहिलं, दोन पानं. तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्तात. चौथ्यांदा सगळे स्क्रीनशॉट रंगीत प्रिंट करून आणा, ८३ पानं झाली, झेरॉक्सवाल्याचे ८३० रुपये. हे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. पाचव्यांदा कळलं, ही तर दिवाणी बाब आहे, वकिलाकडे जा. वकिलानं २,००० घेऊन सांगितलं, धंद्यासाठी घेतलेली सेवा आहे, तुम्ही ग्राहक होत नाही. घरी येऊन भाच्यानं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढून दाखवला. पोटापाण्यासाठी स्वतः धंदा चालवणारा त्यात ग्राहकच धरला जातो. मग वकिलानं काय वाचलं होतं?

कंपनीचा पत्ता शहरातला होता, तिथं गेलो. तिसऱ्या मजल्यावर शिवणक्लास. त्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो तर, 'पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडे द्या.' गावात आलो तर, 'कंपनी तिकडची आहे.' दोनदा गेलो, दोनदा आलो, डिझेल माझं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये साफ लिहिलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता घ्यायची. फसवून पैसे घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येतं. हे मला त्यांनी सांगायला पाहिजे होतं की मी त्यांना? मी सांगितलं तेव्हा समोरचा म्हणाला, 'तुमाले एवढं समजते, मंग फसले काऊन?' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरचा हसला, ते विसरणार नाही. शेवटी लेखी अर्जावर शिक्का मारून पोच दिली. ती पोच आणायला सात फेऱ्या.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. माझ्यासारखे पाच महिन्यांनी जागे झालात तर तोवर पैसे चार खाती फिरून निघून गेलेले असतात. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही नोंद करा आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक प्रत्येक हप्त्याचा वेगळा लिहा. एकत्र बेरीज लिहून चालत नाही, माझा अर्ज त्यासाठी एकदा परत आला.

दारव्ह्याचं प्रोफाइल तेवढं सुटलं. मालकीची विनंती टाकता येते, समोरच्यानं नाकारली तर अपील करता येतं. साळ्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढला. रस्ता, शेजारची दुकानं, पाटी, मग खिशातून किल्ली काढून शटर उघडताना, आतल्या गाड्या, टेबलावरची कागदपत्रं, सगळं न थांबता एका दमात. पैसा लागला नाही. या सगळ्या प्रकरणात जे जे खरोखर कामाचं निघालं ते ते फुकट होतं. दुकानाचा प्रकार बरोबर निवडायचा, वेळ बरोबर टाकायची, गाड्यांचे ताजे फोटो टाकायचे, गाडी घेऊन गेलेल्या माणसाला 'दोन ओळी लिहा भाऊ' म्हणायचं. त्यातले निम्मे तरी लिहितात.

परवा बायकोच्या मोबाइलवरून आर्णीच्या आमच्याच प्रोफाइलवरच्या नंबरला फोन लावला. त्याच पोरानं उचलला, आवाज ओळखला मी. म्हटलं, बोलेरो पाहिजे. 'आहे ना दादा, पांढरी, सिंगल हॅन्ड,' म्हणत त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. फोटोत मागे माझ्या यार्डाची निळी टाकी दिसते. गाडी माझी आहे, अजून दारात उभी आहे, आणि किंमत माझ्यापेक्षा ४०,००० जास्त सांगितली. मी म्हटलं, पाहायला कुठं यायचं, पत्ता पाठवा. अजून पाठवलेला नाही.