मंगळवारचं कटिंग, अर्धं शटर खाली

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे सांगते. ज्यांच्या घरी ऑटिझमचं मूल आहे त्यांनी वाचाच, बाकीच्यांसाठी हे इंदूरच्या अन्नपूर्णा रोडच्या आतल्या गल्लीतलं दोन खुर्च्यांचं साधं कटिंगचं दुकान आहे, केस ठीकठाक कापतात, संपलं.

माझा मुलगा आठ वर्षांचा. केस कापायचे म्हटलं की आमच्याकडे आठवडाभर आधी माझ्याच पोटात गोळा. ट्रिमरची घरघर, गळ्याशी आवळलेलं कापड, पाण्याचा फवारा, मानेवर पडणारे बारीक केस, सगळं त्याला टोचतं. हा हट्ट नाही हो, आवाज-स्पर्श नको इतका जाणवणं हे २०१३ पासून निदानाच्या निकषांतच आहे, पण भरल्या सलूनमध्ये कुणाकुणाला समजावणार. मागे एका मोठ्या एसी सलूनमध्ये गेलो तर दोन पोरांनी हात धरले, यांनी डोकं, मी पाय, आणि मागे बसलेल्या काकू म्हणतात लाडावून ठेवलंय. घरी येऊन बघते तर यांच्या दंडावर दात उमटलेले आणि माझा खांदा पुढे महिनाभर वर होईना. त्यानंतर वर्षभर मीच कापले, रात्री दोन वाजता, तो झोपला की, मोबाइलचा टॉर्च लावून. एका बाजूचे झाले की कूस बदलायची वाट बघत बसायचं. सकाळी परत डबा, शाळा, थेरपी, आणि थेरपीवाल्या मॅडम म्हणणार घरी रोज दोन तास करून घ्या. घेते. बँकेतली नोकरी सोडून तेच करते.

या दुकानाचं भिशीच्या ग्रुपवर कळलं (भिशीला जाणं कधीच सुटलं, ग्रुपवर नाव तेवढं आहे). आपल्याकडे मंगळवारी बरेच लोक केस कापत नाहीत, त्यामुळे दुकान रिकामं, आणि हे भैया त्या दिवशी अशा मुलांना बोलावतात. अर्धं शटर खाली, टीव्ही बंद, पंखासुद्धा बंद. सासूबाईंना मंगळवार ऐकूनच कसंतरी झालं. मी म्हटलं आई, मग तुम्ही धरा त्याला शनिवारी. त्यावर काही बोलल्या नाहीत.

पहिल्या मंगळवारी केस कापलेच नाहीत! नुसता खुर्चीत गोल गोल फिरला, पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या वेळी कात्रीने डावी बाजू, दहापर्यंत मोजायचं, थांबायचं, परत दहा. मग तो उठला तर भैया म्हणाले जाने दो, बाकी अगले मंगल. आठवडाभर पोरगं अर्ध्या डोक्याने शाळेत गेलं, बिल्डिंगमध्ये सगळे बघायचे, मला काय हसू येत होतं. उजवी बाजू पुढच्या मंगळवारी.

आता सहा महिने झाले, एकाच बैठकीत होतं. गेल्या वेळी भैया म्हणाले दीदी, आप बाहर बैठो, ये मेरे साथ गिनती कर रहा है. मला कळेचना बाहेर जाऊन करायचं काय. समोर पोह्यांचा ठेला आहे, एक प्लेट घेतली, शेव-जिरावन घालून, आणि पोहे गरम होते. अर्धी प्लेट होईपर्यंत मी शटरखालून त्याचे पायच बघत होते. हलत नव्हते. मग उरलेली अर्धी बसून खाल्ली.

एक स्टार पावडरचा. सांगूनसुद्धा त्यांचा मुलगा सवयीने मानेवर वासाची पावडर थापतो आणि मग रिक्षात घरापर्यंत गोंधळ. शिवाय दोन पायऱ्या उंच आहेत, गाडी लावायला जागा नाही.

रेट शंभर, मी दोनशे देते, कारण वेळ तिप्पट जातो त्यांचा. (निरामय, म्हणजे अशा मुलांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, एकूण १ लाखापर्यंतचा, त्यात थेरपीचाही काही खर्च येतो, कटिंग काही येत नाही 😄 पण ज्यांनी अजून काढला नाही त्यांनी तो काढाच.)

जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा, एका मंगळवारी दोनच मुलं घेतात. कापडाऐवजी जुना टीशर्ट घालून न्या, बदलायला दुसरा ठेवा. आणि पहिल्याच दिवशी पूर्ण कटिंग होईल म्हणून जाऊ नका.