आल्फ्रेड की एडवर्ड?

जुन्या इंग्लिश नावांपैकी ही दोन्ही जोडनावे आहेत. आल्फ्रेड म्हणजे एल्फ या अद्भुत जीवांचा सल्ला लाभलेला, तर एडवर्ड म्हणजे समृद्धीचा राखणदार. अर्थाने पहिले नाव अधिक मोहक आहे. टिकाऊपणात मात्र दुसरेच सरस ठरते, कारण १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर बहुतेक जुनी नावे मागे पडली, तरी संतपद मिळालेल्या एडवर्ड राजावरील भक्तीपोटी इंग्लंडचा राजा तिसऱ्या हेन्रीने १२३९ मध्ये जन्मलेल्या मुलाला तेच नाव दिले. आल्फ्रेड एकोणिसाव्या शतकात पुन्हा लोकप्रिय झाले. यमकातही एडवर्डच वरचढ आहे: एड, नेड, टेड ही त्याची लाडकी रूपे नेमकी जुळतात, आल्फ आणि फ्रेड जुळत नाहीत. अर्थात नॉर्मनपूर्व इंग्लंडमधील वेसेक्स राज्याच्या राजघराण्यात यमकापेक्षा आरंभीच्या ध्वनीला महत्त्व होते, आणि स्वरांनी सुरू होणारी नावे परस्परांशी जुळती मानली जात असल्याने पिता आल्फ्रेड व पुत्र एडवर्ड तेथे शोभून दिसले.