ॲक्सेसमधली रिपोर्टची कॉपी: मांडणी वेगळी होते, क्वेरी एकच राहते

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममधलं रिपोर्ट डिझाइन, म्हणजे डेटाची छापण्याजोगी मांडणी, छोट्या डेटाबेससाठी आजही फार चांगलं आहे. ग्रुपिंग, उपबेरजा, पानागणिक शीर्षकं, सगळं पटकन जमतं. कॉपीची सोय मात्र अर्धवट आहे. नॅव्हिगेशन पेनमध्ये (डावीकडच्या यादीत) रिपोर्ट निवडून कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही केलं आणि नवं नाव दिलं की मांडणी, कंट्रोल (रिपोर्टवरचे मजकुराचे चौकोन वगैरे) आणि मागचा कोड यांची स्वतंत्र प्रत होते. ज्या सेव्ह केलेल्या क्वेरीवर, म्हणजे टेबलांतून हव्या त्या नोंदी निवडणाऱ्या आज्ञेवर, रिपोर्ट उभा आहे, तिची प्रत होत नाही.

घोळ इथेच होतो. नव्या रिपोर्टच्या रेकॉर्ड सोर्ससमोरचं (डेटा कुठून घ्यायचा ते सांगणाऱ्या खान्यासमोरचं) तीन टिंबांचं बटण दाबलं की मूळ क्वेरीच उघडते. तिच्यात अट घालून सेव्ह केलं की जुन्या रिपोर्टमधल्या नोंदीही गाळल्या जातात. एखादं फील्ड काढलं, तर जुना रिपोर्ट उघडताना ते नाव पॅरामीटर समजून त्याची किंमत विचारू लागतो. उघडणाऱ्या खिडकीत ही क्वेरी आणखी कुठे वापरली आहे याची सूचना नसते. ही या सोयीतली सर्वांत मोठी उणीव.

तपासायला दोन्ही रिपोर्ट डिझाइन व्ह्यूमध्ये उघडा, एफ-४ दाबून गुणधर्मांची यादी आणा आणि डेटा टॅबवरचा रेकॉर्ड सोर्स पाहा. दोन्हीकडे एकाच क्वेरीचं नाव असेल तर कारण सापडलं. तिथे 'सिलेक्ट'ने सुरू होणारं वाक्य असेल, तर ते त्या रिपोर्टपुरतंच असतं.

उपाय सरळ आहे: आधी क्वेरीची कॉपी करा, नवं नाव द्या, ते नव्या रिपोर्टच्या रेकॉर्ड सोर्समध्ये निवडा आणि मगच अट बदला. क्वेरीचं एसक्यूएल (तिचं लिखित रूप, म्हणजे तेच 'सिलेक्ट'चं वाक्य) थेट रेकॉर्ड सोर्समध्ये चिकटवलं तरी चालतं; मर्यादा ३२,७५० अक्षरांची आहे. पण ती क्वेरी दुसऱ्या क्वेरीवर बेतलेली असेल, तर खालची सामाईकच राहते.

सबरिपोर्टचं, म्हणजे रिपोर्टच्या आत बसवलेल्या दुसऱ्या रिपोर्टचं, तसंच. त्याच्या सोर्स ऑब्जेक्ट या खान्यात फक्त नाव असतं, म्हणून एका रिपोर्टच्या आत बसून सबरिपोर्टचा रुंद कॉलम अरुंद केला की दुसरीकडेही तो अरुंद होतो. थीम बदलताना 'फक्त या ऑब्जेक्टला' हा पर्याय निवडला नाही, तर साऱ्या डेटाबेसचे रंग बदलतात. मेक-टेबल क्वेरीने (निकालातून नवं टेबल बनवणाऱ्या क्वेरीने) भरलेलं एकच तात्पुरतं टेबल दोन रिपोर्ट वापरत असतील, तर नंतर चालवलेला आधीचा डेटा पुसतो. कोडमध्ये जुन्या रिपोर्टचं नाव लिहिलेलं असेल, तर कॉपीतही ते तसंच राहतं.

डेटाबेस टूल्समधलं ऑब्जेक्ट डिपेन्डन्सीज क्वेरीवर अवलंबून असलेले रिपोर्ट दाखवतं, आणि कॉपी करण्याआधी ते पाहण्याची सवय खरंच लावावी. त्यासाठी नेम ऑटोकरेक्टचं (नावं बदलली की संदर्भ सुधारणाऱ्या सोयीचं) ट्रॅकिंग सुरू लागतं. कोडमधले आणि युनियन क्वेरीतले (अनेक क्वेरींचे निकाल एकत्र जोडणाऱ्या क्वेरीतले) संदर्भ मात्र त्यात येत नाहीत, ते हाताने शोधावे लागतात.

फरक फक्त अटीचा असेल, तर कॉपी करूच नये. रिपोर्ट एकच ठेवून ओपन-रिपोर्टच्या (रिपोर्ट उघडणाऱ्या आज्ञेच्या) वेअर कंडिशनमधून अट पाठवावी.