चौकात दारावर धडक, मग भरपाईचा दावा: अपघात न्यायाधिकरणाची सेवा कितपत बरी?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला सेवा म्हणून गुण द्यायचे तर हिशेब चोख, वेग मंद. आणि बाजूने धडक बसलेली असेल तर अर्धा निकाल कोर्टाची पायरी चढण्याआधी, पोलीस ठाण्यातल्या कागदांवर ठरतो.

मागून ठोकलं असेल तर चूक कोणाची यावर फार घोळ होत नाही. चौकात मात्र दोघेही म्हणतात, ‘मी आधी शिरलो होतो.’ विमा कंपनीचा वकील तिथेच बोट ठेवतो: अंशदायी निष्काळजीपणा, म्हणजे तुमचीही चूक. ती 30 टक्के धरली गेली की भरपाईतून सरळ 30 टक्के कापले जातात. 2017 च्या वाहनचालन विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या चौकात मुख्य रस्त्यावरच्या गाडीला प्राधान्य. मुख्य-दुय्यम असा भेद नसेल तर उजवीकडून येणाऱ्या गाडीला. चालकांना हे सहसा माहीत नसतं, समोरच्या वकिलाला पक्कं माहीत असतं.

म्हणून घटनास्थळ पंचनामा नीट वाचा. दोन्ही रस्त्यांची रुंदी, धडकेची जागा रस्त्याच्या कडेपासून किती अंतरावर, काचांचा खच कुठे पडला, ब्रेकच्या खुणा कुठून सुरू होतात, थांबरेषा आणि सिग्नल होते का, एवढं त्यात हवं. ‘चौकात अपघात झाला’ एवढ्यावर नकाशा संपला असेल तर पुढची भांडणं तिथेच पेरली गेली. गाडी गॅरेजमध्ये खोलण्याआधी फोटो काढा. मार मागच्या दारावर किंवा दोन दारांमधल्या खांबावर असेल तर गाडी बरीच आत शिरली होती असं मांडता येतं. पुढच्या मडगार्डवर असेल तर तेच म्हणणं कमजोर पडतं. आजूबाजूच्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे ते जप्त करण्याचा लेखी अर्ज पहिल्या आठवड्यातच देऊन पोच घ्या. मोटार वाहन निरीक्षकाचा अहवालही मागून घ्या. ब्रेक आधीच निकामी होते की धडकेने, हे त्यात येतं.

2022 च्या मोटार वाहन नियमांनुसार पोलिसांनी न्यायाधिकरणाला पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत द्यायचा असतो. त्या मुदतीच्या भरवशावर मात्र बसू नये. एफआयआर, पंचनामा आणि फॉर्म एए (पोलिसांचा अपघाताच्या तपशिलाचा फॉर्म) यांच्या प्रती स्वतः मिळवा.

शेजारी किंवा मागे बसलेल्याची बाजू बरीच सोपी. दोन्ही चालकांची चूक असली तरी तो पूर्ण रक्कम कोणत्याही एका गाडीकडून मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. एकच खाचखळगा: तो बसलेल्या खासगी गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर त्या विमा कंपनीकडून त्याला काही मिळत नाही. मग रोख दुसऱ्या गाडीवर ठेवावा.

दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली होतो. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, कुठेही दाखल करता येतो. ही सोय खरंच चांगली आहे. कोल्हापूरच्या माणसाला नाशिकच्या अपघातासाठी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. मुदत अपघातापासून सहा महिने. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं असलं तरी त्या आशेवर राहू नका. टक्केवारीवर फी मागणारा वकील टाळा, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. महिला, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या दावेदारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दाराच्या बाजूला धडक शोषून घ्यायला बॉनेटसारखी जागाच नसते, त्यामुळे बरगड्या, खुबा, कटिभाग आणि डोकं यांना मार बसतो. खुब्याचं दुखणं पुढे वाढतं, म्हणून अपंगत्वाचा दाखला घाईने घेऊ नये; उपचार स्थिरावल्यावर घ्यावा. पायाचं 40 टक्के अपंगत्व म्हणजे शरीराचं 40 टक्के नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालानंतर न्यायाधिकरण बघतं ते कमावण्याची क्षमता किती गेली. ताठर खुबा ट्रकचालकाचा धंदा बसवतो, टेबलावरच्या कारकुनाचा नाही. दाखला देणारा डॉक्टर साक्षीला आलाच नाही तर टक्के घसरतात, आणि इथेच बरेच दावे मार खातात.

हिशेब असा: वय 34, स्वतःचा धंदा, महिना 30,000. वर्षाचे 3,60,000, भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 5,04,000. या वयाचा गुणक (वर्षाच्या कमाईला गुणायचा, वयानुसार ठरलेला आकडा) 16, म्हणजे 80,64,000. कमाईची क्षमता 20 टक्के गेली असेल तर 16,12,800. उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई आणि वेदनांची रक्कम वेगळी. आता यातून ते 30 टक्के कापून बघा: नुसत्या या एका बाबीत 4,83,840 जातात. पंचनाम्याचा कागद किती महाग पडतो ते कळेल. उत्पन्नाला मात्र आयटी रिटर्न किंवा बँकेच्या नोंदी हव्यात. तोंडी आकडा न्यायाधीश कमीच धरतात.

लोकअदालत हा वेगाचा मार्ग. तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही, आणि तडजोडीत व्याज बहुधा सोडावं लागतं. दुखापत पूर्ण बरी झाली असेल तर घ्यावी. शस्त्रक्रिया बाकी असेल तर अजिबात नको.

निकालानंतर व्याज सहसा अर्जाच्या तारखेपासून 6 ते 9 टक्के मिळतं. रक्कम कमी वाटली तर 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, मात्र वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील चालत नाही.