मुलीच्या शाळेतला चर्च आणि आदिवासी हा विषय, पालक म्हणून माझा रिव्ह्यू

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, ठाण्यातली सिस्टर लोकांची शाळा एवढंच. मुलगी आठवीत. यंदा व्हॅल्यू एज्युकेशनच्या तासाला जूनपासून दिवाळीपर्यंत हा एकच विषय घेतला आणि पालकांच्या ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतंय की ह्याचा पोरांना उपयोग काय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सिस्टरनी सुरुवात आपल्याच घरापासून, म्हणजे चर्चपासून केली, हे मला सगळ्यात जास्त भावलं. कॅनडात आदिवासींची दीड लाखाच्या आसपास मुलं घरातून उचलून निवासी शाळांत ठेवली होती, केस कापले, मायबोली बोललं की मार, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त शाळा कॅथलिक संस्था चालवत होत्या, हे कॅथलिक शाळेतच एका सिस्टरनी वर्गात उभं राहून सांगितलं. फिलिस वेबस्टॅडची गोष्टही सांगितली. १९७३ साली सहा वर्षांची ही मुलगी आजीने घेऊन दिलेला नवा केशरी शर्ट घालून शाळेत गेली आणि पहिल्याच दिवशी तो अंगावरून काढून घेतला, परत कधी दिलाच नाही. त्या रात्री आमच्या हिने माळ्यावरून पहिलीतली पिवळी वॉटरबॅग काढायला लावली, तिच्या आजीने घेतलेली, आणि ती मांडीवर घेऊन कितीतरी वेळ नुसती बसून होती. मी काही बोलले नाही.

जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस स्वतः कॅनडात जाऊन माफी मागून आले, तेही शिकवलं. पण ह्या शाळांची चौकशी करणाऱ्या तिथल्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ कामांची यादी दिली होती, नुसत्या सॉरीवर भागत नाही, हा मुद्दा सिस्टरनी पक्का करून घेतला.

मग येऊर, आमच्या ठाण्याला लागून असलेला डोंगराळ भाग, तिथे आदिवासी पाडे आहेत. पहिली ट्रिप फसली, खरं सांगते. पोरं वह्या आणि ब्लँकेट घेऊन पाड्यावर गेली, वाटप, रांगेत उभं राहून फोटो, झालं. तिथल्या एक वारली मावशी म्हणाल्या, दरवर्षी कोणी ना कोणी वह्या आणून देतं, आम्हाला काय येतं ते कोणी विचारत नाही. शाळेने हे मनावर घेतलं ह्याचे मी पूर्ण मार्क देते. पुढच्या शनिवारी त्याच मावशी वर्गात टीचरच्या खुर्चीवर, बाहेरच्या लेक्चररला देतात तेवढंच मानधन देऊन. टेबलावर रानभाज्या, शेवळं, टाकळा, कुलू, करटोली. शेवळं नुसती केली तर घसा खाजतो, सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, घालावीच लागतात, हे त्यांनी चिरून दाखवत शिकवलं आणि पोरांनी वहीत उतरवून घेतलं.

तक्रारी आहेतच. वर्कशीट फक्त इंग्लिशमध्ये, त्यामुळे पाड्यावरची मुलं शाळेत आली तेव्हा बिचारी नुसती बघत बसली. दोन शनिवार आयत्या वेळी रद्द केले, आम्ही सुट्टी टाकून बसलो होतो. आणि मोठी गोष्ट म्हणजे जमिनीचा विषय टाळला. पाडे नॅशनल पार्कला लागून, काही तर आतच, जंगलात राहणाऱ्यांना जमिनीचे हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा, मग हे लोक अजून कागदांसाठी का फिरतात असं एका मुलाने विचारलं तर टीचर म्हणाल्या नंतर बघू. कॅनडाचं एवढं उघड बोलता येतं तर येऊरचंही बोलायला हवं, पोरं तयार आहेत ऐकायला.

तरी पाचपैकी चार. सातवीच्या पालकांनो, पुढच्या वर्षी रानभाजीचा शनिवार चुकवू देऊ नका.

परवा जांभळी नाक्यावर करटोलीच्या वाट्यासाठी मी नेहमीसारखी दहा रुपये कमी करा म्हणाले तर हिने माझा हात धरला, आई नको ना, पहाटे उठून डोंगरातून आणलीयेत त्यांनी. वीस वर्षं मी त्या बायकांकडून भाजी घेतेय. ते दहा रुपये दिले आणि पहिल्यांदाच विचारलं, मावशी, कुठल्या पाड्यावरच्या तुम्ही?