एअरफिक्स 'व्हिंटेज क्लासिक्स': जुन्या साच्यातील रोटोडाइन

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने आपली कित्येक जुनी किट, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायची प्लॅस्टिकची विमाने-जहाजे, 'व्हिंटेज क्लासिक्स' या नावाखाली पुन्हा बाजारात आणली आहेत. साचे जुनेच, खोक्यावरची चित्रेही बहुतेक जुनीच. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे, आणि जोडणीची पत्रिका तेवढी नव्याने छापलेली. या मालिकेतील 'फेअरी रोटोडाइन' या जुन्या हवाई यंत्राचे 1:72 प्रमाणातील किट मी नुकतेच जोडून पूर्ण केले. त्यावरून झालेले मत आधीच सांगून टाकतो, की ही मालिका सरसकट घेण्याजोगी नाही. ज्या विमानाचे नवे, चांगले किट मिळते, त्याच्या बाबतीत केवळ आठवणींपोटी जुना साचा विकत घेण्यात अर्थ नाही. ज्याला पर्यायच नाही, त्याच्यासाठी मात्र ही मालिका मोलाची आहे, आणि रोटोडाइन या दुसऱ्या प्रकारात मोडते.

ब्रिटनमधली साठी ओलांडलेली माणसे या किटच्या आठवणीने इतकी हळवी का होतात, हे कळण्यासाठी एअरफिक्सच्या किटच्या मूळ किमतीकडे पाहावे लागते. निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या उद्योजकाने 1939 मध्ये सुरू केलेली ही कंपनी आधी हवा भरायची रबरी खेळणी आणि पुढे प्लॅस्टिकचे कंगवे बनवत असे. 1952 मध्ये तिने 'गोल्डन हाइंड' या जहाजाचे किट वूलवर्थच्या दुकानांसाठी काढले, तेव्हा खर्च वाचवण्यासाठी खोक्याऐवजी साधी पिशवी वापरली, वर छापील कागदाची पट्टी टाचली आणि किंमत दोन शिलिंग ठेवली. त्यामागोमाग विमाने आली, तीही शाळकरी मुलाला खाऊच्या पैशांतून घेता यावीत अशीच. एका इंचाला सहा फूट, म्हणजेच 1:72, हे प्रमाण ठरलेले असल्याने फळीवर शेजारी ठेवलेले लढाऊ विमान आणि बॉम्बफेकी विमान यांची खरी तुलना होत असे, आणि त्यामुळे एक झाले की दुसरे हवेसे वाटे. आपल्याकडे ही किट बहुधा विलायतेहून येणाऱ्या एखाद्या काका-मामाच्या बॅगेतूनच घरी येत. त्यामुळे आपल्या आठवणीत त्यांचा स्वस्तपणा नाही, अप्राप्यता आहे. हा फरक पुढे किमतीचा विचार करताना लक्षात घ्यावा लागतो.

साचे आजवर टिकले, यात नशिबाचा भाग मोठा आहे. 1981 मध्ये एअरफिक्सचे दिवाळे निघाल्यावर ती पॅलिटॉय या खेळण्यांच्या कंपनीकडे गेली आणि साचे फ्रान्समध्ये कॅले येथे हलवण्यात आले. 1986 मध्ये ती रंग बनवणाऱ्या हम्ब्रॉलकडे आली. 2006 मध्ये हम्ब्रॉलही बुडाल्यावर खेळण्यातल्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या हॉर्नबीने दोन्ही नावे विकत घेतली. इतक्या उलथापालथीत रोटोडाइनचा साचा गहाळ झाला असता, तर कोणाला आश्चर्य वाटले नसते.

मूळ यंत्रही विलक्षणच होते. रोटोडाइन म्हणजे निम्मे हेलिकॉप्टर आणि निम्मे विमान. उड्डाण करताना आणि उतरताना रोटरच्या, म्हणजे डोक्यावरच्या मोठ्या पंख्याच्या, पात्यांच्या टोकांशी बसवलेल्या जेटमुळे रोटर फिरे, आणि एकदा वेग आला की ते जेट बंद होऊन पंखांवरची दोन टर्बोप्रॉप इंजिने यंत्राला पुढे ओढत. पहिले उड्डाण 6 नोव्हेंबर 1957 रोजी झाले, जानेवारी 1959 मध्ये त्याने ताशी 307 किलोमीटरचा विक्रम केला, आणि शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात सुमारे 40 प्रवासी नेण्याची स्वप्ने रंगवली जाऊ लागली. पण टोकांवरच्या जेटचा गोंगाट शहराला मानवणारा नव्हता, गिऱ्हाइके मागे सरली, सरकारचा पैसा आटला आणि 1962 मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. तयार झालेले एकमेव यंत्र मोडून टाकण्यात आले. त्याचे उरलेले काही भाग वेस्टन-सुपर-मेअर येथील हेलिकॉप्टर संग्रहालयात आहेत. एअरफिक्सचे किट 1959 चे, म्हणजे विक्रमाच्या वर्षातले. त्या वर्षीच्या मुलांनी जोडले ते उद्याचे वाहन होते.

आता किटविषयी. खोका उघडताच नजरेत भरतात ते रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी. संपूर्ण धडावर आणि पंखांवर उठावदार ठिपक्यांच्या रांगाच रांगा आहेत. अर्धा मिलिमीटर रुंदीचा ठिपका 72 पट केला तर साडेतीन सेंटिमीटर होतो, म्हणजे रुपयाच्या नाण्याहून मोठा. असे रिव्हेट कोणत्याही विमानाला कधी नव्हते. याचे कारण साचा बनवण्याच्या त्या वेळच्या पद्धतीत आहे. पोलादात बारीक खड्डा पाडणे सोपे, आणि साच्यातला खड्डा प्लॅस्टिकवर उंचवटा होऊन येतो. उलट प्लॅस्टिकवर कोरीव रेघ हवी असेल तर साच्यात तेवढी धार उभी ठेवावी लागते, आणि ते काम फार किचकट. जोडणाऱ्याने पहिला निर्णय येथेच घ्यावा. वॉटर पेपरने सगळे घासून गुळगुळीत करता येते, पण मग हे 1959 चे किट राहत नाही. मी अधलामधला मार्ग धरला. रिव्हेट पूर्ण काढले नाहीत, पाण्यात भिजवलेला बारीक कागद हलक्या हाताने फिरवून त्यांचा उठाव तेवढा कमी केला. रंगाचा हात बसल्यावर ते आता तिरप्या उजेडातच दिसतात.

साचा साठीच्या पुढचा असल्याने सुट्या भागांच्या कडांना प्लॅस्टिकची पातळ झालर येणे गृहीत धरावे. ती ब्लेडने आडवी खरवडली की निघते. चिकटवण्यापूर्वी प्रत्येक जोड कोरडा बसवून पाहावा, आणि धडाच्या दोन अर्ध्या भागांमधल्या सांध्यासाठी पुट्टी हाताशी ठेवावी. धडाच्या मागच्या बाजूच्या दाराचे दोन पल्ले उघडे ठेवता येतात, ही त्या काळातील मुलांसाठी मोठी गंमत असणार. मी ते बंदच केले, कारण आत दाखवण्यासारखे काही नाही. वैमानिकांच्या कक्षातही तपशील बेताचाच आहे. खिडक्यांच्या काचांना ट्यूबमधला घट्ट सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडायचा गोंद, लावू नये. तो वाहिला की काच धुरकट होते आणि ती पुन्हा स्वच्छ करता येत नाही. पाण्याने धुता येणारा पांढरा फेव्हिकॉल तेथे उत्तम चालतो. रोटरची पाती प्रमाणाच्या मानाने जाड आहेत, पण त्यांच्या टोकांवरचे जेट मात्र साच्यात नीट उतरले आहेत, आणि या यंत्राचे सारे वेगळेपण तेथेच असल्याने एवढ्यावर मी समाधान मानले.

डेकलविषयी तक्रारीला जागा नाही. ते पातळ आहेत, रंग दाट आहेत आणि उंचवट्यांवरही चांगले बसतात. खरे जुने, न उघडलेले किट शोधून जास्त पैसे मोजणाऱ्यांनी याचा विचार करावा, कारण जुन्या खोक्यातले डेकल पिवळे पडलेले असतात आणि पाण्यात टाकताच त्यांचे तुकडे होण्याची भीती असते. पिवळेपणा घालवण्यासाठी ते खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवण्याची युक्ती आहे, पण तुकडे होण्यावर ती उपाय नव्हे.

मालिकेतील इतर किट निवडताना खोक्यावरच्या चित्राला भुलू नये. रॉय क्रॉस यांनी 1964 ते 1974 या काळात एअरफिक्ससाठी काढलेली चित्रे इतकी जिवंत आहेत, की आतल्या प्लॅस्टिकने त्यांची बरोबरी करावी ही अपेक्षाच अन्यायाची ठरते. स्पिटफायर हे लढाऊ विमान हवे असेल तर एअरफिक्सचेच अलीकडच्या साच्याचे किट घ्यावे. ते कोरीव रेघांचे आहे आणि त्याचे भाग नेमके जुळतात. भारतीय वायुदलाच्या प्रेमापोटी जुने 'नॅट' घेणाऱ्यांनीही जपून असावे. 1964 चा तो साचा दोन आसनी प्रशिक्षण विमानाचा आहे, आणि 1965 व 1971 च्या युद्धांत आपण उडवले ते नॅट एका आसनाचे होते.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. खेळण्यांवरील आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले, आणि प्लॅस्टिक मॉडेलही त्याच वर्गात धरली जात असल्याने परदेशातून मागवलेल्या किटचा हिशेब टपाल धरून दुपटीच्या आसपास सहज जातो. त्यामुळे मागवायचेच झाले तर एकच मागवावे, आणि ते रोटोडाइन असावे. रंग आणि सिमेंट खोक्यात मिळत नाहीत, ते येथेच घ्यावेत. जागेचाही विचार आधी करावा, कारण पंखांची लांबी वीस सेंटिमीटरच्या आत असली तरी रोटरचा व्यास 38 सेंटिमीटर भरतो आणि नेहमीच्या पुस्तकांच्या कपाटात तो मावत नाही. मी रोटर चिकटवलेला नाही. झाडपूस करताना तो वेगळा काढून ठेवता येतो.