जंगलयुद्धाचा तयार देखावा-संच: दिवाळी ते श्रावण, गोव्यात वापरून

पावणेचार इंची स्टार वॉर्स फिगर्सचा, म्हणजे सिनेमातल्या पात्रांच्या छोट्या प्लास्टिकच्या बाहुल्यांचा, एन्डॉरचा (सिनेमातल्या जंगली चंद्रावरच्या लढाईचा) देखावा करण्यासाठी हा संच घ्यावा का, असं मला दिवाळीत कुणी विचारलं असतं तर मी "नको" म्हटलं असतं. मे महिन्यात "नक्की घ्या" म्हटलं असतं. आता श्रावण चालू आहे, आमच्या फोंड्यात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, आणि माझं म्हणणं असं आहे: तळ आणि नेच्यांसाठी (फर्नसाठी) घ्या, शेवाळ त्याच दिवशी काढून टाका, खोडं कुणाला तरी देऊन टाका. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असेच संच तीन-चार नावांनी विकले जातात आणि आतला माल सारखाच दिसतो.

संचात तळ, खुंट्या, शेवाळ, नेचे आणि झाडं येतात. थेट खुंटीवर येते.

फिगरच्या तळपायाला भोक असतं आणि तळावरची खुंटी त्यात बसते, हे आपल्याला माहीत आहे. या संचाच्या खुंट्या जाड आहेत. कॅलिपर लावून पाहिलं तर माझ्या फिगर्सच्या भोकांपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर जास्त. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत "३.७५ इंची फिगर्ससाठी" असं छापलंय. कुणी म्हणेल, अर्ध्या मिलिमीटरचं एवढं काय? जंगलातल्या लढाईत सगळं त्यावरच असतं. कपाटात ओळीने उभ्या केलेल्या फिगर्स दोन पायांवर राहतात. लढाईत मात्र कुणी पळतंय, कुणी ओंडक्यावरून उडी मारतंय, कुणी मागे वळून गोळी झाडतंय. एक पाय हवेत, अंग पुढे झुकलेलं, आणि सगळा भार एका पंजावर. तिथे खुंटी बसली नाही तर स्काउट ट्रूपर (टेहळणी करणारा सैनिक) पळताना दाखवताच येत नाही. मग सगळे सरळ उभे राहतात आणि लढाईची कवायत होते.

कंपनीकडे तक्रार केली. त्यांनी आधी खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला, तो माझ्याकडे होता, पाठवला. मग उत्तर आलं की फिगर्स आमच्या नाहीत, त्यामुळे त्या बसतील याची हमी आम्ही देत नाही. खोक्यावरच्या छापील ओळीचा फोटो पाठवला. बऱ्याच दिवसांनी बदली खुंट्यांची पुडी आली. त्याही तेवढ्याच जाड. साडेसहा हजार रुपये मोजल्यावर ही वागणूक मला मुळीच पटलेली नाही, आणि ती अजूनही मनातून गेलेली नाही.

पण खुंटीबद्दलचं माझं मत बदललं, आणि ते उन्हाळ्याने बदललं. जुन्या संग्राहकांची एक युक्ती आहे: फिगरचा पंजा कढत पाण्यात अर्धा मिनिट धरायचा, प्लास्टिक नरम झालं की खुंटीवर दाबून बसवायचा आणि तसाच थंड होऊ द्यायचा. भोक खुंटीच्या मापाचं होतं. थोड्या फिगर्स मी अशा बसवल्या, बाकीच्यांसाठी खुंट्या पॉलिश पेपरने घासून बारीक केल्या. मे महिन्यात बंद खोलीतल्या उकाड्याने फिगर्सचे घोटे नरम पडले. घासलेल्या खुंट्यांवरच्या एकेक करून पुढे झुकल्या आणि शेजारच्यांना घेऊन आडव्या झाल्या. कढत पाण्याने बसवलेली एकही हलली नाही. गोव्याच्या हवेत जाड खुंटीच हवी. मात्र ती कशी बसवायची हे दोन ओळींत छापून द्यायला काही खर्च येत नाही, आणि ते त्यांनी द्यायलाच हवं.

आता शेवाळ. संचातलं शेवाळ खरं आहे, ग्लिसरीनमध्ये मुरवून हिरव्या रंगात रंगवलेलं. कोरड्या गावात ते वर्षानुवर्षं टिकतं. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आर्द्रा नक्षत्र लागलं तसं शेवाळ ओलसर दिसू लागलं, मग पाझरू लागलं, आणि तो हिरवा रंग ओंडक्यामागे दबा धरून बसवलेल्या ट्रूपरच्या पांढऱ्या चिलखतात उतरला. साबणाने जात नाही. रंग प्लास्टिकच्या आतच मुरतो. बाहुल्या जमवणारे लोक अशा डागावर मुरुमांसाठीचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम लावून उन्हात ठेवतात आणि डाग फिका होतो, पण फिगरवरचा रंगकामाचा भाग वाचवावा लागतो. त्याला ऊनही लागतं. ते आता नवरात्राच्या सुमाराला मिळेल. तो ट्रूपर माझ्या सगळ्यात आवडत्या फिगर्सपैकी आहे. तो डाग रोज दिसतो आणि रोज वाईट वाटतं.

त्याऐवजी मी काय वापरलं? मिरामारच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली पडलेल्या तपकिरी काड्यांचा थर. वाळवून, कात्रीने बारीक करून, पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात बसवला. एन्डॉरची बाहेरची दृश्यं उत्तर कॅलिफोर्नियाच्या रेडवूड या प्रचंड उंच झाडांच्या जंगलात चित्रित झाली, आणि त्या जंगलाची जमीन अशीच तपकिरी, सुयांसारख्या पानांनी झाकलेली असते. गालिच्यासारखं हिरवं शेवाळ सगळीकडे पसरणं तिथे शोभतच नाही. संचातले प्लास्टिकचे नेचे मात्र छान आहेत. रेडवूडखाली नेचे भरपूर असतात, त्यामुळे ते मी सगळे वापरले. मोलेच्या अभयारण्यातून मात्र काहीही उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि तसंही त्याची गरज पडत नाही.

खोडांवर मला जरा सविस्तर लिहायचंय. संचातली झाडं रेझिनची, फूटभर उंच, वर निमुळती होऊन शेंड्याला पालवी. आपल्या फिगर्सचं प्रमाण १:१८ आहे, खऱ्याच्या अठराव्या भागाएवढं. म्हणजे हे झाड खरं साडेपाच मीटरचं झालं, बागेतल्या कलमी आंब्याएवढं. सगळ्यात उंच रेडवूड ११५ मीटरच्या वर जातो. तो १:१८ ने केला तरी सहा मीटरच्या पुढे जाईल. घरात शेंडा दाखवणं शक्यच नाही, आणि दाखवायचाही नाही. नुसती खोडं हवीत, जाड, सरळ, देखाव्याच्या वरच्या कडेतून बाहेर जाणारी. मगच माणसं लहान आणि जंगल मोठं वाटतं.

खोडासाठी मी प्लंबरच्या दुकानातला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला आणि त्यावर नारळाची सोडणं लावली. आमच्याकडे नारळ काढणारा पाडेली येऊन गेला की सोडणांचा ढीग न्हाणीच्या चुलीसाठी ठेवलेला असतो. सोडणाचे लांब पट्टे उभे चिकटवले की त्याचे धागे उभ्या भेगांसारखे दिसतात. रेडवूडची सालही तशीच जाड, तंतुमय आणि उभी फाटलेली असते. रंगसुद्धा तोच तांबूस तपकिरी, ब्रश लावायचीच गरज पडली नाही. सगळं मिळून खोड सोळा सेंटिमीटरचं झालं, म्हणजे खऱ्या मापात जवळपास तीन मीटर. पहिलं खोड उभं केलं, त्याच्यासमोर स्पीडर बाइक (सिनेमातली हवेत तरंगणारी गाडी) ठेवली, आणि मी कितीतरी वेळ नुसती पाहत राहिले. इतक्या वर्षांत कुठल्याच विकतच्या वस्तूने मला हा आनंद दिला नव्हता.

करणाऱ्यांसाठी: सोडण पूर्ण वाळलेलंच घ्या, हिरवं घेतलंत तर बुरशी धरतं. कोमट पाण्यात टाकणखार विरघळवून त्यात ते भिजवा आणि एप्रिल-मेच्या उन्हात पुन्हा कडकडीत वाळवा, म्हणजे किडे लागत नाहीत. पाइपवर पांढरा गोंद धरत नाही. आधी पाइप खरखरीत घासा आणि चपला चिकटवतात तो रबरी गोंद वापरा. त्याला वास फार येतो, काम व्हरांड्यातच करा. काथ्यात, म्हणजे सोडणाच्या धाग्यांत, लिग्निन (लाकडाला कणखर करणारं द्रव्य) भरपूर असतं, म्हणून तो सहजासहजी कुजत नाही. माझी खोडं व्हरांड्यालगतच्या खोलीत सगळा आषाढ राहिली, आणि त्यांच्यावर बुरशीचा ठिपकाही नाही. शेजारी ठेवलेल्या संचातल्या रेझिनच्या झाडांची पालवी मात्र गळायला लागली आहे.

पावसाळ्यात फिगर्स चिकट होतात, तो दोष संचाचा नाही. प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश, पंख्याखाली वाळवणं, एवढं पुरतं.

आता एटी-एसटी या दोन पायांवर चालणाऱ्या युद्धयंत्राला दोन ओंडक्यांमध्ये चिरडतानाचा प्रसंग करायचाय, आणि त्यासाठी तळ अपुरा पडतो. तळ खरंच उत्तम आहे: वाकत नाही, फुगत नाही, जोडायला कडा दिलेल्या आहेत. पण सुटा तळ विकत नाहीत. दुसरा तळ हवा तर पुन्हा साडेसहा हजार घालून तीच झाडं आणि तेच पाझरणारं शेवाळ घ्यायचं. ते मी करणार नाही. नुसता तळ, नेचे आणि खुंट्या वेगळ्या किमतीला द्या, खुंट्या आहेत तशाच जाड असू द्या, असं त्यांना लिहिलंय. अजून उत्तर नाही. मिळाला तर त्याच दिवशी दोन मागवीन.